प्रवाळावरचं शेवाळ आणि आपले हात

इथे मी एरवी मधुमेह, रक्तदाब, ताप, खोकला यांबद्दल लिहिते. आजचा विषय आहे घरातला फिश टँक, त्यातही समुद्राच्या पाण्याचा, प्रवाळ असलेला टँक. आरोग्याच्या लेखांत हा कुठून आला असं वाटेल. पण मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाला मी विचारलं, "घरी फिश टँक आहे का?" तो म्हणाला, "आहे ना, पण त्याचा इथे काय संबंध?" संबंध होता. तो काय, हे पुढे सांगते. त्याआधी प्रवाळ, त्यावर वाढणारं शेवाळ आणि ते काढण्याची पद्धत यांबद्दल थोडं सांगायला हवं. कारण आजार बहुतेक वेळा टाकी बघताना होत नाही, टाकी साफ करताना होतो.

मी काही वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करत होते. तिथल्या लांब, अंधाऱ्या हिवाळ्यात विरंगुळा म्हणून आम्ही घरात दोनशे लिटरची समुद्री टाकी ठेवली होती. तिथे बागेत वाढवलेले प्रवाळ दुकानात रीतसर मिळतात. (भारतात परिस्थिती वेगळी आहे, त्याबद्दल शेवटी.) रात्रपाळीहून आलं की मी दहा मिनिटं त्या टाकीसमोर बसायचे. माझी मुलगी तिथेच बसून गृहपाठ करायची.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. एकेक बारीक जीव, त्याला तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकं, असे शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात. काही जातींचे प्रवाळ स्वतःखाली चुन्याचा सांगाडा बांधतात. दागिन्यातलं पोवळं हाही अशाच एका प्राण्याचा सांगाडा असतो.

गंमत अशी, की बहुतेक रंगीत प्रवाळांच्या पेशींत एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. समुद्राचं पाणी फार तापलं की प्रवाळ हे भाडेकरू बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तेच ते 'ब्लीचिंग', ज्याच्या बातम्या आपण वाचतो.

म्हणजे आतलं शेवाळ पोसणारं आणि बाहेरून चढणारं शेवाळ मारणारं. बाहेरचं शेवाळ प्रवाळाचा उजेड अडवतं, सतत घासत राहून त्याला मिटायला लावतं आणि गाळ धरून ठेवतं. शिवाय त्यातून पाझरणाऱ्या साखरेवर जिवाणू वाढतात आणि प्रवाळाच्या पृष्ठभागावरचा प्राणवायू कमी होतो. काही आठवड्यांत कडेपासून ऊती मरू लागते, आणि मेलेल्या जागेवर पुन्हा शेवाळच बसतं.

शेवाळ का माजतं?

आमच्या टाकीत २०१७च्या हिवाळ्यात केसांसारखं हिरवं शेवाळ वाढायला लागलं. आधी एका दगडावर, मग झोअँथिड नावाच्या प्रवाळांच्या अख्ख्या गुच्छावर. झोअँथिड म्हणजे छोट्या बटणांसारखे, मऊ, फार सुंदर रंगांचे प्रवाळ. हाती काढलं की आठ दिवसांत शेवाळ परत.

ताप आला की आपण पॅरासिटामॉल देतो, पण ताप का आला हे शोधल्याशिवाय थांबत नाही. शेवाळाचंही तसंच. ते लक्षण आहे. कारण बहुतेक वेळा पाण्यातलं जास्तीचं नायट्रेट आणि फॉस्फेट असतं. ते येतं माशांच्या उरलेल्या खाण्यातून, विष्ठेतून, नळाच्या पाण्यातून. आणि एक छुपी जागा म्हणजे टाकीतले दगड. हे चुनखडीचे दगड फॉस्फेट शोषून घेतात आणि पाण्यातलं प्रमाण कमी झालं की हळूहळू सोडत राहतात. त्यामुळे जुन्या टाकीतले दगड नव्या टाकीत आणले, तर त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांचं फॉस्फेटही येतं.

दुसरं कारण म्हणजे शेवाळ खाणारे कमी असणं. याचा फार मोठा धडा कॅरिबियन समुद्राने दिला आहे. तिथे लांब काट्यांचा, काळा समुद्री साळू दगडांवरचं शेवाळ खरवडून खायचा. १९८३ साली पनामाजवळ या साळूंमध्ये साथ सुरू झाली आणि वर्षभरात सगळ्या कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त साळू मेले. जमैकात जास्त मासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच कमी झाले होते आणि वादळाने प्रवाळ मोडले होते. मग शेवाळाला अडवणारं कोणी उरलं नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या समुद्रतळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. जे जमैकात झालं, तेच घरातल्या टाकीत लहान प्रमाणात होतं.

काढायचं कसं?

आम्ही जे केलं आणि अनुभवी लोक जे करतात, ते थोडक्यात असं:

• पाणी आरओचंच वापरायचं आणि दर आठवड्याला साधारण दहा टक्के बदलायचं.
• खाणं कमी करायचं. गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन मगच टाकायचं.
• दिवा दहा तासांऐवजी सात-आठ तास लावायचा.
• फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त भुकटी फिल्टरमध्ये वापरता येते, पण थोडी थोडी. फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं तर प्रवाळच आजारी पडतात. शिवाय अगदी निकस पाण्यात दुसरेच, जास्त चिवट जीव माजतात, आणि त्यांतल्या काही जाती विषारीही असतात.
• शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई ठेवायच्या. बुडबुड्यांसारखं शेवाळ असेल तर ते खाणारा हिरवा खेकडा मिळतो.
• उरलेलं शेवाळ पाण्याखालीच चिमट्याने मुळापासून उपटायचं. त्याच वेळी दुसऱ्या हाताने नळी धरून सुटलेले तुकडे सायफनने बादलीत ओढून घ्यायचे. ते पाण्यात तरंगत राहिले तर दुसरीकडे रुजतात. नळी तोंडाने ओढून सुरू करायची नाही. हातपंप असलेली नळी मिळते.

हे सगळं कंटाळवाणं आहे. आमच्या टाकीला चार महिने लागले. दर रविवारी चाचणी, वहीत आकडा, पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी. वजन आणि साखर कमी करणाऱ्या माझ्या रुग्णांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

औषध टाकून मोकळं व्हावं का?

हा प्रश्न प्रत्येक टाकीवाल्याला पडतो. तीन औषधं नेहमी चर्चेत असतात आणि तिन्ही माझ्या टेबलावरची आहेत.

पहिलं, जखम धुवायचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. प्रवाळ ज्या दगडी तुकड्यावर बसलेला असतो त्याच्या कडेला शेवाळ असेल, तर त्यावर ते ब्रशने लावतात आणि टाकीच्याच पाण्यात धुऊन तुकडा परत ठेवतात. शेवाळ दोन-तीन दिवसांत पांढरं पडतं. पण काही प्रवाळांना आणि कोळंबीच्या जातीच्या जीवांना ते सोसत नाही. आणि पेरॉक्साइड लावायला तुकडा पाण्याबाहेर काढावा लागतो. झोअँथिडच्या बाबतीत मला तेच नको होतं. का, ते पुढे येईल.

दुसरं, फ्लुकोनॅझोल. हो, आपलं बुरशीवरचं औषध. पिसासारखं दिसणारं ब्रायोप्सिस नावाचं शेवाळ त्याने मरतं, हे टाकी ठेवणाऱ्यांनी स्वतःच शोधून काढलं.

तिसरं, एरिथ्रोमायसिन. टाकीच्या तळाशी लालसर, चिकट साय धरते ती शेवाळाची वाटते, पण ते असतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. म्हणून अँटिबायोटिकने ती जाते. पण टाकीचं पाणी शुद्ध ठेवणारे उपयोगी जिवाणूही त्यात मरू शकतात. शिवाय मूळ कारण तसंच राहिलं तर साय परत येते.

डॉक्टर म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात उरलेल्या गोळ्या टाकीत टाकू नका आणि त्यासाठी दुकानातून आणूही नका. आपल्याकडे गजकर्णावर फ्लुकोनॅझोल पूर्वीसारखं लागू पडत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञ रोज बघतात. जिवाणूंनाही अँटिबायोटिकची सवय होते. टाकीतलं पाणी शेवटी मोरीतच जातं आणि त्याच्याबरोबर ते औषधही.

ज्या प्रवाळाला उघड्यावर घासू नये

आमचा दगड शेवाळाने पार झाकला होता, तेव्हा टाकी ठेवणाऱ्या एका जुन्या मित्राने सल्ला दिला, "दगड बाहेर काढ, सिंकमध्ये उकळतं पाणी ओत आणि तारेच्या ब्रशने घासून टाक. पाच मिनिटांचं काम आहे." सल्ला त्याने चांगल्या मनानेच दिला होता. पण आमचं सिंक स्वयंपाकघरात होतं आणि शेजारच्या खोलीत माझी मुलगी झोपायची. तिला दमा आहे. मी नाही म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च २०१८मध्ये, ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हन्टन गावची बातमी आली. एका घरात टाकी साफ करताना प्रवाळातलं विष हवेत मिसळलं. घरातले सगळे फ्लूसारख्या लक्षणांनी आणि श्वासाच्या त्रासाने आजारी पडले आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. मदतीला आलेल्या काही कर्मचाऱ्यांनाही. त्या रात्री मी मुलीच्या खोलीचं दार दोनदा उघडून पाहिलं. अमेरिकेतही असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांतही हे घडलं. एका माणसाने तर नको असलेले झोअँथिड मारायला दगडावर उकळतं पाणी ओतलं आणि ती वाफ त्याच्या श्वासात गेली.

या विषाचं नाव पॅलिटॉक्सिन. काही झोअँथिडमध्ये ते भरपूर असतं, तर काहींमध्ये अजिबात नसतं. नुसतं बघून ओळखता येत नाही. हवाई बेटांवर हाना नावाच्या गावाजवळच्या एका डबक्यात वाढणाऱ्या 'मारक शेवाळा'ची जुनी दंतकथा आहे. योद्धे ते भाल्यांच्या टोकांना लावत, असं सांगतात. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा ते शेवाळ नव्हतंच, झोअँथिड होते. त्यातून हे विष वेगळं केल्याचं १९७१ साली प्रसिद्ध झालं.

ते काम कसं करतं? आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. नसा, स्नायू, हृदय सगळं या पंपावर चालतं. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटून त्याचं दार उघडंच ठेवतं. मग सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर वाहत राहतं. पंपाचं भोक होतं म्हणा ना. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा नाही. उपचार म्हणजे ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधं, हृदयावर लक्ष आणि रक्ततपासण्या.

लक्षणं काही मिनिटांत किंवा काही तासांनी सुरू होतात. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, थंडी-ताप, खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, स्नायू दुखणं, हातापायांना मुंग्या, अशक्तपणा. डोळ्यात उडालं तर डोळा लाल होतो, फार दुखतो आणि बुबुळाला इजा होऊ शकते.

असं झालं तर:

• घरातल्या सगळ्यांनी आणि पाळीव प्राण्यांनीही लगेच मोकळ्या हवेत जायचं.
• डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं.
• कपडे बदलायचे, त्वचा साबणाने धुवायची.
• थेट रुग्णालयात जायचं आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगायचा. कागदावर लिहून नेला तरी चालेल. बऱ्याच डॉक्टरांनी असा रुग्ण कधी पाहिलेला नसतो, आणि तुम्ही सांगितलं नाही तर फ्लू किंवा न्यूमोनिया समजून उपचार होतात.

आमचा तो झोअँथिडचा दगड मी कधीच बाहेर काढला नाही. पाण्याखाली, लांब हातमोजे आणि बंद चष्मा घालून, रविवारी थोडं थोडं शेवाळ चिमट्याने काढलं. पंप बंद, खिडकी उघडी, मुलगी बाबांबरोबर बागेत. वापरलेली साधनं अर्धा तास पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवायची, मग धुवायची. ब्लीचने हे विष निकामी होतं. मात्र ब्लीच टाकीत जाऊ द्यायचं नाही आणि त्यात ॲसिड कधी मिसळायचं नाही.

बोटावरची न जाणारी गाठ

आता त्या रुग्णाबद्दल. त्याचा टँक साधा, गोड्या पाण्याचा होता. पॅलिटॉक्सिनचा तिथे प्रश्नच नाही. पण उजव्या हाताच्या बोटावर दोन महिने एक लालसर गाठ होती. दुखत फारशी नव्हती, पण जातही नव्हती. दोन वेळा अँटिबायोटिक झालं होतं. आता मनगटाच्या वर आणखी दोन गाठी आल्या होत्या, जणू दोऱ्यात ओवल्यासारख्या एका रेषेत.

याला 'फिश टँक ग्रॅन्युलोमा' म्हणतात. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयरोगाच्या जिवाणूचा नातेवाईक तो घडवतो. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो प्रथम सापडला. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तो असतो. हाताला बारीक चीर किंवा खरचटलेलं असेल आणि तो हात टाकीत घातला, तर तिथून आत शिरतो. गाठ यायला दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. त्यामुळे टाकी साफ केल्याचं माणूस विसरूनही गेलेला असतो.

या जिवाणूला तीस अंशांच्या आसपासचं तापमान आवडतं, म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, बोटांत आणि हातांवर, वाढतो. प्रयोगशाळेत नेहमीच्या ३७ अंशांवर तो नीट वाढत नाही. संशय आहे हे लॅबला आधी सांगावं लागतं. आपल्याकडे अडचण अशी, की तुकडा तपासताना क्षयरोगासारखंच चित्र दिसतं आणि टीबीची त्वचेवरची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग टीबीची ठरावीक औषधं सुरू होतात, आणि त्यांतली काही या जिवाणूवर चालत नाहीत. योग्य औषधं साधारण तीन-चार महिने घ्यावी लागतात, पण आजार बरा होतो. एकाकडून दुसऱ्याला तो होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरायचं कारण नाही. माझ्या रुग्णाच्या गाठी आता जवळजवळ गेल्या आहेत.

टाकी कुठलीही असो, एवढं पाळा

• हाताला जखम, चीर, नखुरडं असेल तर टाकीत हात घालू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा.
• कोपरापर्यंत येणारे हातमोजे वापरा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.
• टाकीचं सामान स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका. त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवा.
• लिव्हरचा आजार, अनियंत्रित मधुमेह, किमोथेरपी किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर खाऱ्या पाण्याची टाकी स्वतः साफ करू नका. समुद्राच्या पाण्यातल्या व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंमुळे अशा रुग्णांत जखमेतून गंभीर संसर्ग होऊ शकतो.
• हात घालण्याआधी पंप आणि हीटरचं बटण बंद करा.
• दगड, प्रवाळ कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका.

आणि भारतातला कायदा

हे वाचून प्रवाळाची टाकी ठेवावीशी वाटली तर थांबा. आपल्याकडे चुन्याचे सांगाडे बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे यांना २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. ते समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. शोभेसाठी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे घेणंही टाळा. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळसुद्धा २०२०मध्ये रीतसर परवानगी घेऊनच दुसरीकडे हलवावे लागले. पाहायचेच असतील तर मालवणला जा. पाण्यात उतरा, बघा, हात लावू नका.

आम्ही परत येताना आमची टाकी तिथल्याच एका कुटुंबाला दिली. सोबत चाचण्यांची वही, हातमोजे आणि झोअँथिडबद्दलची एक चिठ्ठी दिली.

डॉक्टरकडे गेल्यावर आपण मधुमेह सांगतो, ॲलर्जी सांगतो. छंद सांगत नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत. यापुढे न विचारता सांगा: घरी फिश टँक आहे, कबुतरं आहेत, पोपट आहे, बागकाम करतो. बोटावरची गाठ तीन आठवड्यांत गेली नाही किंवा टाकी साफ केल्यावर त्याच दिवशी ताप आणि दम सुरू झाला, तर हे एक वाक्य अनेक तपासण्या आणि कधी कधी जीवही वाचवू शकतं.